कलापूरचं एक घर : राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय



कोल्हापूरला कलापूर म्हणायची आपल्याला सवय झाली आहे. स्वागतकमानीवर, संमेलनाच्या पत्रिकेवर, पाहुण्यांच्या भाषणाच्या पहिल्या वाक्यात हा शब्द येतोच येतो. आज आम्ही त्या शब्दाला दोन साधे प्रश्न विचारणार आहोत. या गावात चित्रकार झाले, शिल्पकार झाले, सिनेमावाले झाले, हे खरंच आहे. पण गावातल्या सामान्य माणसाला चित्र बघायला कुठं मिळत होतं? आणि त्याच्या पोरानं ‘मला चित्र काढायला शिकायचंय’ म्हटलं, तर त्यानं त्याला कुणाच्या दारात न्यायचं? या दोन प्रश्नांच्या मागं जात जात आपण शेवटी राजारामपुरीतल्या एका घरापाशी थांबणार आहोत.

सुरुवात दरबारापासून करू. शाहू महाराजांची कारकीर्द १८९४ ते १९२२. त्या काळात कोल्हापुरातला सगळ्यांत मोठा चित्रकार म्हणजे आबालाल रहिमान. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालेलं. आबालाल तिथं शिकले आणि मुंबईत बस्तान न बसवता कोल्हापूरला परतले. रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा काठ ही आपल्या रोजच्या जाण्यायेण्यातली ठिकाणं त्यांनी पहिल्यांदा चित्राचा विषय म्हणून बघितली. महाराजांनी त्यांना आश्रय दिला. आश्रयाचा अर्थ मात्र नीट समजून घ्यायला हवा. चित्रकाराच्या पोटाची काळजी मिटते, रंग-कागद मिळतात, आणि चित्र वाड्याच्या भिंतीवर जातं. वाड्याबाहेरच्या माणसाला ते दिसेलच असं नाही.

इथं एक गोष्ट ध्यानात येते. याच महाराजांनी कुस्तीसाठी खासबाग मैदान उभं केलं, १९१२ साली. त्याच्याच शेजारी नाटकासाठी पॅलेस थिएटर बांधलं, १९१५ साली. त्यालाच आपण आज केशवराव भोसले नाट्यगृह म्हणतो. म्हणजे पैलवानाला आणि नटाला सार्वजनिक जागा मिळाली, जिथं कुणीही जाऊन बसावं. चित्राच्या वाट्याला तसं दालन तेव्हा आलं नाही. यात महाराजांचा दोष काढायचा नाही. त्या काळात चित्र ही घरात, वाड्यात, देवळात असायची वस्तू होती. तिच्यासाठी वेगळी इमारत हवी ही कल्पनाच इथं रुजलेली नव्हती.

मग लोकांनी चित्र बघितलं कुठं? आमचं उत्तर असं, की नाटकाच्या पडद्यावर. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे दोघे चुलतभाऊ. घरात कारागिरीची परंपरा. हात घरातच तयार झाला, कलाशाळेची पायरी चढावी लागली नाही. पुढं आडनावाच्या जागी ‘पेंटर’ चिकटलं ते कायमचं. संगीत नाटक कंपन्यांसाठी त्यांनी पडदे रंगवले : राजवाडा, उपवन, रस्ता. पीटातल्या प्रेक्षकानं तिकीट काढलेलं असायचं गाणं ऐकायला, पण लांबवर निमुळता होत जाणारा रस्ता सपाट कापडावर कसा उतरतो, हे त्यानं तिथंच बघितलं. चित्रांचं प्रदर्शनच ते, फक्त त्याला कुणी तसं म्हणत नव्हतं.

आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी चित्रपटाचं वेड पुढं नेलं, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, कॅमेराही इथंच तयार केला, आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आली. या कंपनीकडं आपण नेहमी सिनेमाच्या इतिहासातून बघतो. आज जरा शिक्षणाच्या बाजूनं बघू. विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल मुळात चित्राच्या अंगानं आलेली माणसं. ती बाबूरावांच्या हाताखाली घडली. व्ही. शांताराम इथंच पडेल ते काम करत शिकले. १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी निघाली ती याच मंडळींच्या हातून, आणि याच गावात. या कंपनीत ना अभ्यासक्रम होता ना परीक्षा. रंग घोटायचा, पडदा ताणायचा, सेट रंगवायचा, उस्तादाचा हात बघायचा, आणि एके दिवशी उस्ताद म्हणायचा, ‘घे, आता तू कर.’

ही कारखान्यातली शाळा अव्वल होती, पण तिला दोन मर्यादा होत्या. पहिली म्हणजे दार. आत शिरायला कुणाची तरी ओळख लागायची, किंवा मग दारात ठाण मांडून बसायची चिकाटी. मुलींना तर शिकाऊ म्हणून ते दार जवळपास बंदच. दुसरी मर्यादा जास्त गंभीर आहे : तिथं जे बनायचं ते वापरून संपायचं. नाटकाचा पडदा घड्या पडून फाटतो, पोस्टर पावसात गळून पडतं, फिल्म जळते नाहीतर कुजते.

कोल्हापूरच्या कलेचा इतिहास सांगताना हरवलेल्या गोष्टींची यादी करावीच लागते. बाबूरावांच्या मूकपटांपैकी बहुतेक आज आपल्याला बघायला मिळत नाहीत. १९४८ साली गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. आबालालांच्या कामातलाही मोठा भाग आज हाताशी नाही. आणि हे सगळं जुनं झालं म्हणावं, तर ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. शंभर वर्षांहून जुनी वास्तू लोकांनी डोळ्यांदेखत जळताना बघितली, आणि कितीतरी माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. म्हणजे प्रेम कमी आहे असं कुणी म्हणू नये. सांभाळायची व्यवस्था हा वेगळा विषय आहे, आणि तिथं आपण कमी पडतो.

आता राजारामपुरीकडं येऊ. पेठांचं जुनं कोल्हापूर महालक्ष्मीच्या देवळाभोवती वेडंवाकडं वाढलं. राजारामपुरी ही त्यानंतरची, राजाराम महाराजांच्या नावाची, आखून वसवलेली वस्ती. मधून मोठा रस्ता आणि त्याला फुटलेल्या सरळ गल्ल्या. गल्ल्यांना क्रमांक : पहिली, दुसरी, तिसरी. पत्ता सांगायला सोपा. यातल्याच सातव्या गल्लीत चंद्रकांत मांडरे यांचं घर आहे.

चंद्रकांत म्हटलं की जुन्या माणसांना नट आठवतो. मूळ नाव गोपाळ, जन्म १९१३ चा. सूर्यकांत हे त्यांचे धाकटे बंधू. बाबूराव पेंटरांच्या बोलत्या ‘सावकारी पाश’मध्ये ते दिसले, शांतारामबापूंच्या १९४१ च्या ‘शेजारी’त दिसले, भालजींच्या चित्रपटांत त्यांनी ऐतिहासिक भूमिका गाजवल्या, आणि १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’त दोघे भाऊ एकत्र होते. पण मेकअप उतरवला की हा माणूस चित्रकार असायचा. बाबूरावांना ते गुरू मानत. म्हणजे आपण मघाशी जी कारखान्यातली शाळा बघितली, तिचाच हा विद्यार्थी.

त्यांची खासियत पावडर शेडिंगची. ज्यांनी हे तंत्र बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. यात पाणी नाही, तेल नाही. रंगाची कोरडी पूड कागदावर कापसानं, बोटानं किंवा कागदाच्या टोकदार गुंडाळीनं हळूहळू चोळत छटा आणायच्या. सहसा हे तंत्र माणसाचा चेहरा काढायला वापरतात. चंद्रकांतांनी ते निसर्गचित्राला लावलं. धुकं, पहाटेचा उजेड, पाण्यावरची वाफ यांना कडा नसतातच. तिथं कोरडी पूड ब्रशपेक्षा जास्त उपयोगी पडते.

१९८० च्या दशकात त्यांनी आपलं राहतं घर चित्रांसकट महाराष्ट्र शासनाला दिलं. आज ते चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय म्हणून राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या अखत्यारीत आहे. २००१ साली चंद्रकांत गेले. चित्रं मात्र त्याच घरात राहिली.

जगात अशी उदाहरणं आहेत. पॅरिसला रोदँ या शिल्पकारानं १९१६ साली आपलं काम सरकारला दिलं आणि १९१९ साली तिथं संग्रहालय उघडलं. आपल्याकडं औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली भवानी संग्रहालय उभं केलं, पुण्याच्या दिनकर केळकरांनी जन्मभर जमवलेला संग्रह शासनाच्या हवाली केला. पण राजारामपुरीचा दाखला आम्हाला वेगळा वाटतो. औंधला देणारा राजा होता. इथं देणारा कारखान्यातल्या शाळेत घडलेला कलावंत आहे, आणि देतोय ते गल्लीतलं राहतं घर. दरबाराच्या भिंतीवर गेलेलं चित्र सत्तरेक वर्षांनी लोकांच्या गल्लीत आलं, असा याचा अर्थ आम्ही लावतो. आपला पहिला प्रश्न, चित्र बघायचं कुठं, त्याचं निदान एक उत्तर मिळालं.

दुसऱ्या प्रश्नाचं काय? शिकायचं कुठं? आज कोल्हापुरात कलानिकेतन आहे, दळवीज आर्ट आहे, तिथून दरवर्षी मुलं-मुली बाहेर पडतात. मुलींना दार बंद असायचे दिवस गेले, ही फार मोठी गोष्ट आहे. शाळकरी पोरांसाठी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा आहेत, त्यांचे क्लासही आहेत. पण दहावीत वाढीव गुण मिळतात म्हणून परीक्षा द्यायची आणि निकाल लागला की रंगपेटी माळ्यावर टाकायची, हेही आपल्या घराघरांत घडतं. त्या पोरानं एकही मूळ चित्र समोर उभं राहून बघितलेलं नसतं. पुस्तकातलं छापील चित्र बघून त्यानं स्थिरचित्र काढलेलं असतं.

म्हणून आमचं म्हणणं असं आहे. बघणं आणि शिकणं ही कारखान्यात एकच गोष्ट होती. बाबूरावांच्या हाताखालचा पोरगा काम होताना बघत होता. पुढं आपण त्याचे दोन तुकडे केले : शिकणं क्लासमध्ये आणि बघणं संग्रहालयात. ते पुन्हा जोडायचे प्रयत्न झालेले आहेत. ‘रंगबहार’ ही संस्था टाऊन हॉलच्या बागेत ‘मैफल रंगसुरांची’ भरवते. उघड्यावर, झाडाखाली, चित्रकार चित्र काढतो, शिल्पकार मातीत चेहरा उभा करतो, शेजारी गाणं चालू असतं, आणि आईबापाचा हात धरून आलेलं पोरगं तासभर हलत नाही. ती कारखान्यातली शाळाच आहे, फक्त दार काढून टाकलेली. शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात नव्या मुलांची प्रदर्शनं लागतात, तिथंही चित्रकार स्वतः उभा असतो, विचारलं तर सांगतो.

राजारामपुरीतल्या घरात हे होऊ शकतं का? आमच्या मते होऊ शकतं, आणि व्हायला हवं. यात अडचणी आहेत, त्या झाकायच्या नाहीत. पावडर शेडिंग हे नाजूक काम. पूड कागदाच्या पृष्ठावर बसलेली असते. नुसत्या बोटाच्या स्पर्शानं छटा पुसली जाते. वर कोल्हापूरचा पाऊस : जून ते सप्टेंबर हवेत ओल, कागदाला बुरशी. जास्त उजेडानं जलरंग उडतात. म्हणजे दारं सताड उघडावीत तर चित्राला धोका, आणि बंद ठेवावीत तर चित्र असून नसल्यासारखं. चित्रं काचेआड, ओल मोजून, उजेड बेताचा ठेवून जपावीत, आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत पोरांच्या हातात पूड आणि कापूस द्यावा. मघाशी भिंतीवर बघितलेलं धुकं कसं केलं असेल, हे स्वतःच्या बोटानं करून बघू द्यावं. हे तंत्र जाणणारी माणसं हयात आहेत तोवर हे करून घ्यायला हवं. हाताची विद्या कपाटात ठेवता येत नाही.

शासनाकडं वास्तू आहे, गावाकडं कलाशिक्षक आहेत, कलाशाळा आहेत, आणि चालत येण्याच्या अंतरावर शाळकरी मुलं आहेत. यांना एकत्र आणायला नवी इमारत लागत नाही. शाळेनं आपला एक चित्रकलेचा तास तिथं नेला, एवढ्यानंही सुरुवात होईल.

चंद्रकांतांनी घर दिलं, तेव्हा त्यांनी आपल्यावर एक काम सोपवलं. देणाऱ्याचं काम संपलं. घेणाऱ्याचं रोज चालू असतं. पुढच्या वेळी कुणी कोल्हापूरला कलापूर म्हणालं, तर त्याला सातव्या गल्लीचा पत्ता सांगा, आणि आधी स्वतः जाऊन या. आज इथं बसलेल्यांपैकी किती जण तिथं गेलेत, हे आम्ही हात वर करून विचारणार नाही. आता तुमचे प्रश्न घेऊ.