एकादशीच्या ताटातला परमुलूख

आईने एकादशी कधी मोडल्याचे मला आठवत नाही. त्यामुळे महालक्ष्मी सरस पाहावयास जाण्याचा बेत नेमका एकादशीच्या संध्याकाळी ठरला, तेव्हा नारपोलीच्या आमच्या घरात थोडी कुजबुज झाली. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या बचतगटांच्या बायका तेथे येऊन आपापल्या मुलखाचे रांधतात. आणि आईने काय नुसते बघत बसायचे? "मी वासाने पोट भरीन," असे म्हणून तिनेच वाद मिटवला. ठाण्यापर्यंत एस.टी., कुर्ल्यापर्यंत लोकल आणि पुढे रिक्षा, अशी आमची वरात दिवेलागणीला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर पोचली.

पहिला मुक्काम खानदेशच्या गाळ्यावर पडला. पुरण भरलेला सैल कणकेचा उंडा ती बाई दोन्ही हातांवर झेलीत झेलीत असा काही पसरवी, की माझी लेक आ वासून पाहतच राहिली. मग तो मांडा पालथ्या खापरावर पडे. मुक्ताबाईने ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजल्याची कथा आईने नातीला तेथेच सांगितली. मला मात्र कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर आठवला. इ.स. ११२९ च्या सुमारास त्याने रचलेल्या 'मानसोल्लासा'त खाण्यापिण्याचे मोठे प्रकरण आहे. त्यात मंडक आहेत, वडेही आहेत. पण राजाच्या साऱ्या मुदपाकखान्यात एक मिरची सापडावयाची नाही! तिखटपणाला तेव्हा मिरी.

हे मला कोल्हापूरच्या गाळ्यावर, तांबड्या रश्शाने डोळ्यांत पाणी आले असताना सुचले. मिरची मूळची मेक्सिकोकडची. वास्को द गामा १४९८ साली कालिकतच्या किनाऱ्यास लागला आणि त्याच्यामागून पोर्तुगीज जहाजांतून ही बयाही आली. आमच्या भिवंडीपासून वसई काही फार दूर नाही. ती १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. मुंबईकडे तर मिरचीला पूर्वी 'गोवाई मिरची' म्हणत. जुन्या मिऱ्याचे नाव मात्र तिने बळकावले ते कायमचेच.

"आधी जेवा, मग शिकवा," सौभाग्यवती म्हणाल्या. मी ऐकायला हवे होते.

आईला एका गाळ्यावर साबुदाण्याची खिचडी मिळाली होती. मी तिच्या शेजारी बसलो आणि बोलत सुटलो. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो ब्राझीलकडचा. सेलमला त्याचे कारखाने निघाले ते १९४० नंतर. बटाटा दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरांतला, नाव पोर्तुगीजांनी दिलेले. शेंगदाणाही तिकडचाच. मिरचीचे तर सांगितलेच. "या ताटात आपले म्हणावे तर तूप आणि मीठ!"

आईने चमचा खाली ठेवला. "मग माझे इतक्या वर्षांचे उपास फुकटच म्हणायचे की काय?"

तिचा आवाज चेष्टेचा नव्हता. साठ वर्षांची एकादशी मी दोन वाक्यांत उधळून लावली होती. मला काही सुचेना. मग जे खरे वाटत होते तेच बोललो. उपासाला वर्ज्य ते धान्य. कंद, मुळे, फळे चालतात. जुन्या ग्रंथांनी धान्ये नावानिशी वर्ज्य केली तेव्हा बटाटा, साबुदाणा या देशात आलेच नव्हते. मग त्यांना मना कोण करणार? उशिरा आलेले हे पाहुणे कंदमुळांच्या पंगतीत बसले, असा आपला माझा तर्क. आणि जिला तू आज शिवत नाहीस ती ज्वारी तरी कुठली? हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेली.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आपल्या भिवंडीसारखेच झाले की रे."

तिचे बरोबर होते. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेकडचे विणकर आपले माग घेऊन भिवंडीस आले. पुढे यंत्रमाग आले, तेलंगणातले पद्मशाली आले. आमच्या भिंतीपलीकडचा खटखटाट त्यांचाच. तो थांबला तर आईला झोप लागत नाही.

तिने चमचा उचलला आणि खिचडी संपवली. "मिरची जरा जास्त पडलीय हो," एवढे मात्र गाळ्यावरच्या बाईंना ऐकवलेच.

निघताना लेकीने आजीसाठी एक मांडा बांधून घेतला. द्वादशीला सकाळी आईने त्यावरच पारणे सोडले. रात्रभरात तो पापडासारखा कडक झाला होता. दुधात भिजवून खाल्ला.