कृतिसंशोधन: पायजम्यांच्या कारखान्यात विचारलेला प्रश्न

महाराष्ट्रात बी.एड. केलेल्या शिक्षकाला ‘कृतिसंशोधन’ हा शब्द नवा नाही. समस्या, उपाययोजना, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, निष्कर्ष आणि शेवटी रंगीत मुखपृष्ठाची फाईल. या शब्दामागचा इतिहास मात्र त्या फाईलपेक्षा पुष्कळ रंजक आहे, आणि काहीसा अस्वस्थ करणाराही. हा धागा त्याविषयी.

कुर्ट लेविन हा बर्लिन विद्यापीठातील ज्यू मानसशास्त्रज्ञ. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि लेविनने जर्मनी सोडून अमेरिका गाठली. आई युरोपातच राहिली व नाझींच्या वंशसंहारात बळी पडली. समाजाचा अभ्यास केवळ ग्रंथांपुरता राहून चालणार नाही, हा त्याचा आग्रह या पार्श्वभूमीवर समजून घ्यायला हवा. अल्पसंख्याकांच्या प्रश्नांवरील १९४६ च्या निबंधात त्याने आपली रीत मांडली: योजना आखावी, कृती करावी, परिणाम तपासावा आणि त्या उजेडात पुढची योजना आखावी.

ही रीत प्रत्यक्षात कसाला लागली ती व्हर्जिनियातील मॅरियन गावच्या हारवुड कंपनीत. तेथे पायजमे शिवले जात. कामगार बहुतांशी आसपासच्या डोंगराळ भागातील स्त्रिया, मजुरी नगावर, तासाला ६० नग हे प्रमाण. कामाची पद्धत बदलली की उत्पादन कोसळे, तक्रारी वाढत, काहीजणी नोकरीच सोडत. विशेष म्हणजे बदललेले काम शिकायला अनुभवी कामगाराला नवशिक्यापेक्षा अधिक वेळ लागे. म्हणजे अडचण हातांच्या कौशल्याची नव्हती.

लेविनचे सहकारी जॉन फ्रेंच आणि कंपनीतील लेस्टर कॉच यांनी प्रयोग केला. इस्त्री करणाऱ्यांच्या एका गटाला सभेत बोलावून नुसते सांगण्यात आले: अर्धा डझन कपडे आजवर पुठ्ठ्यावर रचत होता, यापुढे खोक्यात रचा, हा नवा दर. शंकांना उत्तरे दिली, सभा संपली. बदल एवढाच! पण पहिल्या ४० दिवसांत १७ टक्के कामगार सोडून गेले आणि उत्पादन तासाला ५० नगांच्या आसपास अडकले. दराविषयी तक्रारी आल्या. दर तपासला, तर तो कामगारांच्या बाजूने किंचित सैलच निघाला.

दुसऱ्या गटाने आपले प्रतिनिधी निवडून बदल आखण्यात भाग घेतला. आणखी दोन लहान गटांत, आठ आणि सात जणांच्या, सगळेच चर्चेला बसले. सूचना इतक्या आल्या की टिपून घेणाऱ्याची धांदल उडाली. हे गट लवकर सावरले. सर्वांचा सहभाग असलेले दोन तर पूर्वीच्या उत्पादनापुढे सुमारे १४ टक्के गेले. गट लहान होते, कामेही सारखी नव्हती, हा आक्षेप रास्त आहे. त्याला काही अंशी उत्तर पुढच्या टप्प्यात मिळते. पहिल्या गटातील उरलेल्या १३ जणांना सुमारे अडीच महिन्यांनी नव्या कामावर एकत्र आणले, या वेळी पूर्ण सहभागाने. आणि तेच ‘हट्टी’ कामगार झपाट्याने सावरले. हा वृत्तान्त १९४८ साली प्रसिद्ध झाला. लेविन आदल्या वर्षीच निधन पावला होता.

शाळांकडे ही कल्पना आणण्याचे मोठे श्रेय कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील स्टीफन कॉरी याला जाते. १९५३ च्या पुस्तकात त्याने म्हटले की शिक्षकाने आपल्याच वर्गातील अडचण आपणच अभ्यासावी. परक्याच्या निष्कर्षांनी त्याची वागणूक क्वचितच बदलते. इंग्लंडात लॉरेन्स स्टेनहाउसने १९७० च्या दशकात ‘संशोधक शिक्षक’ ही कल्पना रुजवली. विषय वरून ठरवून आलेला आणि निष्कर्ष आधीच लिहिलेला, अशा फाईलला कॉरीने कृतिसंशोधन म्हटले असते, असे वाटत नाही.

आता अस्वस्थ करणारा भाग. हारवुडमध्ये ‘बदल कसा करावा’ हे कामगारांना विचारले गेले. ‘करावा की नाही’ हे व्यवस्थापनाने आधीच ठरवले होते. पुढे फ्रेंच आणि सहकाऱ्यांनी नॉर्वेतील पादत्राणांच्या कारखान्यात तसाच प्रयोग केला. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात उत्पादनात लक्षणीय फरक आढळला नाही. कामगारांच्या हाती दिलेले निर्णय किरकोळ होते. शिवाय आपले म्हणणे मांडण्याचा योग्य मार्ग म्हणजे आपली कामगार संघटना, असे त्यांच्यापैकी अनेकांना वाटत होते.