एक्सएमएल संदेशांची जुळवणी (जुन्या प्रणालींसाठी)

वेब सेवेतून जाणाऱ्या एक्सएमएल संदेशाचा आशय कायम ठेवून, समोरच्या जुन्या संगणक प्रणालीला वाचता येईल असे त्याचे बाह्यरूप घडवणे, म्हणजे संदेशाची जुळवणी. बाह्यरूपात टॅगची नावे व क्रम, नेमस्पेसचे उपसर्ग, रिकाम्या टॅगची मांडणी, तारखेचा साचा आणि अक्षरसंच येतात.

ही गरज एक्सएमएलच्या मोकळेपणातूनच निर्माण झाली. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने १९९८ मध्ये शिफारस केलेल्या एक्सएमएल १.० मध्ये एकच गोष्ट अनेक प्रकारे लिहिता येते. १९९९ च्या नेमस्पेस शिफारशीनुसार उपसर्ग कोणताही चालतो. त्यामागचा पत्ता तेवढा तोच हवा. रिकामा टॅग जागीच मिटवला काय आणि उघडून बंद केला काय, अर्थ एकच. जुन्या प्रणालींना मात्र ही मोकळीक ठाऊक नसते. त्यांतल्या अनेक पार्सर न वापरता ठरावीक अक्षरे शोधतात आणि उपसर्ग बदलला की पूर्ण शुद्ध संदेशही नाकारतात. वेब सेवांचे संदेश ज्या सोप नियमावलीने पाठवतात, तिच्या १.१ आवृत्तीत एचटीटीपी मथळ्यात ‘टेक्स्ट/एक्सएमएल’ हा प्रकार लागतो, तर २००३ च्या सोप १.२ साठी ‘ॲप्लिकेशन/सोप+एक्सएमएल’. एवढ्या फरकानेही दार बंद होते.

नागपूरजवळच्या कोराडीत हा प्रश्न समजून घेणे सोपे जाते. येथील औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९७४ चा. आज महानिर्मितीचे ६६० मेगावॉटचे तीन संच तेथे आहेत. २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन झाले आणि एका मंडळाच्या खात्यांमध्ये फिरणारे आकडे महानिर्मिती, महापारेषण, महावितरण अशा कंपन्यांच्या सीमा ओलांडू लागले. विजेचा हिशेब १५ मिनिटांच्या खंडांत होतो, दिवसाला ९६ खंड. शेवटचा खंड मध्यरात्री संपतो. ती वेळ आजचे २४:०० लिहायची की उद्याचे ००:००? एक्सएमएल स्कीमाच्या नियमांत दोन्ही रूपे एकाच क्षणाची आहेत. पण केवळ तारखेचा रकाना पाहणारा जुना हिशेबी प्रोग्राम दुसऱ्या रूपातला तो खंड पुढच्या दिवशी टाकतो. अशा ठिकाणी कोणते रूप वापरायचे, हे दोन्ही बाजूंनी आधीच लिहून ठरवलेले असणे अत्यावश्यक आहे.

मीटर वाचनात भारतीय वीजक्षेत्राने या प्रश्नावर एक चांगला तोडगा काढला. प्रत्येक उत्पादकाच्या मीटरची भाषा वेगळी होती आणि बसवलेले लाखो मीटर बदलणे शक्य नव्हते. म्हणून ‘कॉमन डेटा फॉरमॅट’ नावाचा सामाईक एक्सएमएल साचा आला. उत्पादकाने आपल्या मीटरची कच्ची माहिती या साच्यात उतरवणारा प्रोग्राम द्यायचा आणि वीज कंपनीने फक्त साचा वाचायचा, अशी ही विभागणी. साच्यात प्रत्येक राशीसाठी संकेतांक, मूल्य आणि एकक दिलेले असते. नव्या मीटरची भाषाच एक करणारे आयएस १५९५९ हे मानक २०११ मध्ये आले. पण जुना मीटर भिंतीवरून न काढता त्याचे वाचन उपयोगात आणण्याचे श्रेय त्या साच्याचेच आहे.

जुळवणीसाठी साधने पुष्कळ आहेत. डॉटनेटच्या डब्ल्यूसीएफमध्ये मेसेज इन्स्पेक्टर किंवा स्वतंत्र एन्कोडर, जावाच्या जॅक्स-डब्ल्यूएसमध्ये सोप हँडलर, आणि दोन्हींबाहेर १९९९ पासूनची एक्सएमएल-रूपांतराची भाषा एक्सएसएलटी. प्रोग्राममधील वर्गाचे (क्लासचे) गुणधर्म बदलून टॅगचे नाव किंवा क्रम ठरवता येत असेल, तर तोच मार्ग आधी घ्यावा. तयार संदेशात अक्षरे शोधून बदलणे हा शेवटचा उपाय. ग्राहकाच्या पत्त्यात योगायोगाने तीच अक्षरे आली तर पत्ताच बदलतो. जुळवणी सेवेच्या मूळ हिशेबात मिसळू नये, प्रत्येक जुन्या प्रणालीसाठी ती सीमेवर वेगळी ठेवावी, हे या नोंदीचे स्पष्ट मत आहे. ती प्रणाली निवृत्त झाली की तिचा तुकडा सहज काढून टाकता येतो.

मराठी नावांची काळजी वेगळी घ्यावी लागते. १९९१ च्या इस्की मानकात देवनागरीचे जवळजवळ प्रत्येक चिन्ह एका बाइटमध्ये बसे. यूटीएफ-८ मध्ये त्याला तीन बाइट लागतात. ‘श्रीकृष्ण’ या नावात जोडाक्षरे सोडवल्यावर नऊ चिन्हे निघतात, म्हणजे २७ बाइट. वीस बाइटांच्या जुन्या रकान्यात ते नाव मध्येच तुटते आणि शेवटचे चिन्हही अर्धवट राहते. बिलावर स्वतःचे नाव नीट छापून येणे हा ग्राहकाचा हक्क आहे; रकान्याची लांबी तपासल्याशिवाय अक्षरसंच बदलू नये.

डिजिटल स्वाक्षरी असलेल्या संदेशाची जुळवणी स्वाक्षरीपूर्वीच करावी. २००१ च्या कॅनॉनिकल एक्सएमएल शिफारशीमुळे गुणधर्मांचा क्रम किंवा मिटवलेला टॅग असे काही फरक स्वाक्षरीआधी एकसारखे केले जातात. नेमस्पेसचे उपसर्ग मात्र तसेच राहतात, त्यामुळे स्वाक्षरीनंतर उपसर्ग बदलला तर पडताळणी अयशस्वी होते.