परसापासून चौरस फुटापर्यंत

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी गच्चीवरच्या भाजीविषयी तुम्हीच लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा भगिनींनी विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये. परंतु या भाजीलाही इतिहास आहे आणि त्यातला बराचसा आपल्या पुण्यातच घडला आहे, म्हणून चार शब्द लिहिण्याचे धाडस करते.

पुण्याची बाग म्हणजे आधी पुण्याचे पाणी. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून भुयारी नळाने ते पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि गावातल्या हौदांत आणले. हिराबाग, सारसबाग, तुळशीबाग, बेलबाग ही नावे आजही आपल्या तोंडी आहेत, पण या थोरामोठ्यांच्या बागा. साध्या वाड्याला असे ते परस. त्याची आखणी कोणी कागदावर केली नव्हती. पाण्याच्या वाटेने ती आपोआप होत असे. न्हाणीचे नि भांडी घासल्याचे पाणी बाहेर पडे तिथे अळू, त्यापुढे कर्दळ आणि केळ. पाणी जिरून जमीन कोरडी होई तिथे कढीलिंब आणि लिंबू. भिंतीशी शेवगा, पडवीच्या कौलांवर दोडका नाही तर घोसाळे. स्वयंपाकघराच्या दाराशी हातभर वाफा, त्यात कोथिंबीर. फोडणी तडतडेपर्यंत मूठभर आणता आली पाहिजे, एवढाच काय तो हिशेब.

आमच्या आजेसासूबाईंचे परस असेच होते. त्या ऐन पंचविशीत विधवा झाल्या. पदरी दोन मुले, आणि पैसाअडका सगळा दिरांच्या हाती. मंडईत जायचे तर चार आणे मागावे लागत, आणि मागितले की कशाला हे सांगावे लागे. परसात मात्र कोणाला विचारावे लागत नसे. अळूच्या जुड्या बांधून त्या बिऱ्हाडकरूंना देत आणि येणारा आणा-दोन आणे तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात ठेवीत. माझ्या सासऱ्यांच्या शाळेची फी त्या कोनाड्यातून गेली, असे सासूबाई सांगत.

मंडईचा उल्लेख आला म्हणून सांगते. पूर्वी भाजीचा बाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात उघड्यावर भरे. आजची अष्टकोनी इमारत 1886 साली झाली आणि गव्हर्नरांच्या नावाने तिला रे मार्केट म्हणू लागले. जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. पुढे त्याच मंडईला त्यांचेच नाव दिले गेले. इतिहासाची गंमत आहे, दुसरे काय!

12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले, मागोमाग खडकवासला. नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे बसले. आमचा उभा राहिला, पण परसात कमरेएवढा गाळ साचला. दिरांनी तिथे फरशी घालावी असे ठरवले. आजेसासूबाई तोंडाने काही बोलल्या नाहीत. त्यांनी घमेले घेतले आणि रोज थोडा थोडा गाळ उपसला. काही दिवसांनी गाळातून अळूचे कोंब वर आले. मग फरशीचा विषय कोणी काढला नाही.

घरच्या भाजीची आठवण सरकारलाही अडचणीतच होते. दुसऱ्या महायुद्धात विलायतेत हिरवळी खणून बटाटे लावले, आपल्याकडे 'अधिक धान्य पिकवा'ची मोहीम निघाली. 1965 च्या लढाईत लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी एक वेळचे जेवण सोडण्यास सांगितले आणि स्वतःच्या बंगल्याच्या हिरवळीवर नांगर धरला. लढाई संपली की परस पुन्हा बायकांकडे!

पुढे वाडे पाडून इमारती झाल्या. आमचाही गेला. परसाच्या जागी आता मोटारी उभ्या राहतात. उरली गच्ची. तिच्यासाठी जी पद्धत आज सांगतात ती अमेरिकेतील मेल बार्थोलोम्यू या निवृत्त स्थापत्य अभियंत्याची. त्यांचे पुस्तक 1981 साली निघाले. त्यांचे म्हणणे असे, की लांब ओळी आणि मधल्या रुंद वाटा ही शेताची रीत, ती घरच्या बागेत कशाला? चार फूट लांब, चार फूट रुंद चौकट करावी. कोणत्याही बाजूने दोन फूट हात पोहोचतो, आत पाय ठेवावा लागत नाही, माती दबत नाही. तिचे दोऱ्यांनी सोळा चौकोन पाडावेत. एका चौकोनात कोबी किंवा मिरची एक, सॅलडची पाने चार, पालक नऊ, मुळे सोळा.

मला यात नवल वाटले ते मोजणीचे. हात पोहोचेल एवढा वाफा तर आपल्याकडे होताच. पण मोजणी जशीच्या तशी घेऊ नये. तिकडचा मुळा बोराएवढा, आपला पांढरा मुळा मनगटासारखा, त्याचे नऊच पुरे. मेथीला मोजणी कसली? ती दाट पेरावी. उंच वेल उत्तरेकडे ठेवावेत म्हणजे बाकीच्यांवर सावली पडत नाही, हे हिवाळ्यात अगदी खरे. पण पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. तेव्हा वेलाची थोडी सावली दक्षिणेला पडते. मेच्या उन्हात कोथिंबिरीला ती हवीच असते, म्हणून तिचा चौकोन मी वेलालगत घेतला.

दुसरी गोष्ट वजनाची. चार बाय चारची चौकट सहा इंच भरायची तर आठ घनफूट माती लागते. ओली झाली की साडेतीनशे-चारशे किलो होते. आमच्या इमारतीच्या सभेत यावरूनच वाद झाला. गच्ची गळेल, परवानगी नाही, असे काहींनी सांगितले. इथे कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर कामी आले. ते गणित शिकवीत. प्रयोग परिवार उभारून दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचे भागावे, असे त्यांनी मांडले. पालापाचोळा कुजवून माती करण्यावर त्यांचा भर होता. हा विचार मुंबईच्या गच्च्यांवरही पोहोचला. तिथल्या पोर्ट ट्रस्टच्या भटारखान्याच्या गच्चीवर 2002 पासून स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर बाग झाली. हे सगळे मी सभेत सांगितले. पाचोळ्याची हलकी भर, खाली विटा, पाणी वाहून जायला वाट, आणि चौकट तुळईच्या वर, एवढ्या अटींवर एका वर्षाची परवानगी मिळाली. ती येत्या मार्चला संपते.

सध्या उत्तरेच्या चार चौकोनांत दोडका आणि वाल आहेत. पुढे कोथिंबीर, पालक, मुळा, मेथी. मिरचीची तीन रोपे तीन चौकोनांत आहेत. वांग्याला एक चौकोन पुरत नाही, चार द्यावे लागतात. अळू मात्र चौकटीत बसत नाही, त्याला पाणी फार. त्याचे दोन कांदे मी धुण्याच्या मोरीच्या नळीखाली फुटक्या बादलीत लावले आहेत, आणि बादलीला सभेची परवानगी लागत नाही.