जुन्या-नव्या चित्रपटांची शिदोरी

संग्रामपूर तालुक्यातल्या एका गुरुजींनी मला एक प्रश्न विचारला. आजचे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे असे समजा. ते म्हणाले, "शाळेत आता पडदा आला, प्रोजेक्टर आला. मुलांना महिन्याकाठी एखादा सिनेमा दाखवावा म्हणतो. पण दाखवू कोणता? नवा लावला तर म्हातारी माणसं नाकं मुरडतात, जुना लावला की पोरं जांभया देतात. चार नावं सांगा, म्हणजे झालं."

चार नावे सांगणे काही अवघड नाही. पण आपल्या वऱ्हाडात पऱ्हाटीच्या ओळींमध्ये तुरीची ओळ का घालतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. एक पीक दगा देते तेव्हा दुसरे हात देते. सिनेमाचेही तसेच आहे. जुना चित्रपट एकटा दाखवला तर तो देवघरातल्या तसबिरीसारखा दुरून पाहिला जातो. नवा एकटा दाखवला तर तो आजच्यापुरता वाटतो. दोन्ही शेजारी-शेजारी लावा, म्हणजे मुलांनाच प्रश्न पडतील. म्हणून मी आज नावे सांगणार आहे ती जोडीजोडीने.

पहिली जोडी सिनेमाच्या जन्माचीच घेऊ. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक चित्रपट पाहिला, आणि आपले देव पडद्यावर आणायचे असे त्यांच्या मनाने घेतले. विलायतेस जाऊन ते यंत्र घेऊन आले, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमाघरात त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. तारामतीचे काम करायला बाई मिळेना. ते अण्णा साळुंके या पुरुष नटाने केले. पुढे 'लंकादहन' या १९१७ च्या चित्रपटात याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशी दोन्ही कामे केली! 'राजा हरिश्चंद्र'चा आज थोडाच भाग शिल्लक आहे. तो मुलांना दाखवा, आणि त्याला लागून परेश मोकाशी यांचा २००९ चा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' दाखवा. घरातल्या वस्तू विकणारा, डोळे अधू झाले तरी न थांबणारा आणि बायकोला बरोबरीने कामाला घेणारा माणूस मुले त्यात हसत हसत पाहतील. कोणतीही विद्या आयती मिळत नाही, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

आता दुसरी जोडी. ही आपल्या जिव्हाळ्याची आहे, आणि दुखण्याचीही. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली 'सावकारी पाश' नावाचा मूकपट काढला. गोष्ट नारायण हरी आपटे यांची. कर्जापायी जमीन गमावलेला शेतकरी गाव सोडतो आणि शहरात गिरणीकामगार होतो. हे शेतकऱ्याचे काम तरुण शांतारामबापूंनी, म्हणजे व्ही. शांताराम यांनी केले होते. देवादिकांच्या आणि राजेरजवाड्यांच्या कथांचे ते दिवस. तेव्हा फाटक्या धोतरातला कुणबी पडद्यावर नायक म्हणून उभा करणे ही धिटाईच होती. पण तो मूळ मूकपट आपल्याला आज पाहायला मिळत नाही, तो काळाने गिळला. त्याच्या जागी बिमल रॉय यांचा १९५३ चा 'दो बिघा जमीन' लावा. त्यातही शेतकऱ्याची जमीन कर्जात अडकते, आणि ती सोडवण्यासाठी तो कलकत्त्याच्या रस्त्यांवर माणसांनी ओढायची रिक्षा ओढतो. बलराज साहनींचे ते धावणे एकदा पाहिले की विसरत नाही.

आणि याच्या शेजारी लावायचा तो सतीश मनवर यांचा २००९ चा 'गाभ्रीचा पाऊस'. हा आपल्या विदर्भातला सिनेमा आहे. बोली आपली, वावर आपले आणि वाट पाहायला लावणारा पाऊसही आपलाच. गावात एका शेतकऱ्याने आत्महत्या केलेली असते. किसनाच्या बायकोच्या, अलकाच्या मनात भीती शिरते की आपला नवराही असेच काही करील. मग ती त्याच्या पाठीशी लहान मुलाला लावून देते, सासूलाही लक्ष ठेवायला सांगते. नवऱ्याला यातले काही ठाऊक नसते. हसू येते, आणि हसता हसता घशाशी आवंढा येतो. गिरीश कुलकर्णी, सोनाली कुलकर्णी आणि ज्योती सुभाष यांची कामे अशी आहेत की ही मंडळी नट आहेत हे आपण विसरतो.

२००६ साली केंद्र सरकारने विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली, त्यांत आपला बुलढाणा जिल्हा होता. तेव्हा गुरुजी, एक सावधगिरी ठेवा. तुमच्या वर्गात एखादे असे लेकरू बसलेले असू शकते, की ज्याच्या घरी ही गोष्ट घडून गेली आहे. हा सिनेमा लहान वर्गांना दाखवू नका. मोठ्यांना दाखवायचा तर आधी स्वतः पाहा, त्या घरच्या माणसांशी बोला, आणि खेळ संपल्यावर मुलांना तसेच घरी धाडू नका. बसा, बोलू द्या. माझ्या मते हा चित्रपट गावातल्या मोठ्या माणसांनी एकत्र बसून पाहण्याचा आहे. कर्जाची गोष्ट घरात कोणाजवळ बोलायची नाही, या आपल्या सवयीनेच घात होतो. अलकाने नवऱ्यावर पहारा ठेवला. त्याला समोर बसवून विचारले असते तर काय झाले असते, एवढा एक प्रश्न जरी पारावर निघाला तरी पाहिल्याचे सार्थक झाले.

तिसरी जोडी भक्तीची. १९३६ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने 'संत तुकाराम' काढला. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल; तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. पुढच्या वर्षी इटलीत व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. परदेशच्या लोकांना आपली भाषा कळत नव्हती. पण पागनीसांचा चेहरा त्यांना कळला. मी मात्र तुम्हाला सांगेन, की पाहताना जिजाईकडे लक्ष ठेवा. तुकोबा विठ्ठलात रमलेले, घरात दाणा नाही, पोर आजारी. अशा वेळी जिजाई खुद्द पांडुरंगावर चप्पल उगारते! गौरी या नटीने ही संतापलेली, राबणारी, मनातून नवऱ्यावर माया करणारी बाई अशी उभी केली आहे, की ती आपल्या आळीतलीच वाटावी. संतांच्या संसाराचा भार कोणी वाहिला, हा प्रश्न त्या काळच्या चित्रपटाने विचारला आहे.

याच्याबरोबर राजदत्त यांचा १९७७ चा 'देवकीनंदन गोपाला' घ्या. त्यात डॉ. श्रीराम लागू यांनी गाडगेबाबा उभे केले आहेत. बाबा आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे. दिवसा हातात खराटा आणि रात्री कीर्तन, असा त्यांचा धर्म. आणि या दोन्हींच्या नंतर उमेश कुलकर्णी यांचा २०११ चा 'देऊळ' दाखवा. गुरे राखणाऱ्या केशाला झाडाखाली दत्ताचा भास होतो, आणि बघता बघता त्या साध्या भाविकतेचा बाजार मांडला जातो. गावाला दवाखाना हवा असतो. उभे राहते ते देऊळ. गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या, शाळांना हातभार लावला, आणि देव माणसात पाहायला सांगितला. तो विचार मनात ताजा असताना 'देऊळ' पाहिला म्हणजे विनोदाखालचा चटका जाणवतो. आपण शेगावच्या वाटेवर राहणारी माणसे. श्रद्धा काय आणि तिचा धंदा काय, हा फरक आपल्याला कळायलाच हवा.

चौथी जोडी आयाबहिणींसाठी. आणि खरे म्हणजे त्यांच्याहून अधिक पुरुषांसाठी. प्रभातचा १९३७ चा 'कुंकू'. तरुण नीराचे लग्न मामा एका वयस्कर विधुराशी लावून देतो, आणि ती त्या माणसाला नवरा मानायला साफ नकार देते. शांता आपटे यांची नीरा रडत बसत नाही, हे विशेष. आणि केशवराव दाते यांचा म्हातारा नवराही निव्वळ खलपुरुष नाही. त्यालाही हळूहळू आपली चूक उमगते. याच्या जोडीला डॉ. जब्बार पटेल यांचा १९८२ चा 'उंबरठा'. त्यात स्मिता पाटील यांची सुलभा घर आणि मूल मागे ठेवून महिलाश्रमाच्या कामासाठी बाहेर पडते. दोन्हींत पंचेचाळीस वर्षांचे अंतर आहे. काय बदलले आणि काय तसेच राहिले, हे बचत गटाच्या बैठकीत विचारून पाहा. वादावादी होईल. होऊ द्या.

पाचवी जोडी शिक्षकांची, म्हणून गुरुजी, ही खास तुमच्यासाठी. १९७२ चा शांतारामबापूंचा 'पिंजरा' तुम्ही पाहिला असेलच. गावाला सुधारायला निघालेला आदर्श मास्तर तमाशाच्या नादाने कुठवर घसरतो, त्याची ती गोष्ट. पण त्यावर थांबू नका. तीन वर्षांनी आलेला 'सामना' पाहा. लेखन विजय तेंडुलकरांचे, दिग्दर्शन जब्बार पटेलांचे. इथेही मास्तर आहे, तोही दारूने मोडलेला. पण साखर कारखान्याच्या धन्याच्या, हिंदुराव पाटलाच्या वाड्यावर पाहुणचार घेत असताना तो एक साधा प्रश्न विचारत राहतो. गावातून नाहीसा झालेल्या एका माणसाचे काय झाले? लागू आणि निळू फुले, दोघेही दोन्ही चित्रपटांत आहेत. एक मास्तर लोकलाजेपायी खरे दडवतो, दुसरा सगळे गमावूनही खरे शोधतो. तुम्हाला यांतला कोणता जवळचा वाटतो, ते मनाशीच ठरवा.

सहावी जोडी शाळेच्या पोरांची. साने गुरुजींच्या पुस्तकावरून आचार्य अत्रे यांनी १९५३ साली 'श्यामची आई' काढला. वनमाला आई झाल्या, आणि माधव वझे श्याम. सरकारने उत्तम चित्रपटासाठी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक ठेवले, ते पहिल्याच वर्षी याला मिळाले. तो मान मराठीकडे परत यायला पन्नास वर्षे लागली. तो आणला संदीप सावंत यांच्या 'श्वास'ने. डोळ्यांच्या कर्करोगाने दृष्टी जाणाऱ्या नातवाला आजोबा हे कसे सांगतात, एवढीच त्याची कथा. आई आणि आजोबा, माया तीच. २०२३ साली सुजय डहाके यांनी 'श्यामची आई' नव्याने केला, आणि तोही मुद्दाम कृष्णधवल ठेवला. जुना-नवा ताडून पाहण्याचा धडा मुलांना यातून आपोआप मिळेल.

पण सगळी मुले श्यामसारखी नशीबवान नसतात. म्हणून नववी-दहावीच्या मुलांना नागराज मंजुळे यांचा २०१३ चा 'फँड्री' अवश्य दाखवा. जब्या हा हुशार पोरगा शाळेत जातो, त्याला एक मुलगी आवडते. पण जातीमुळे घरच्यांबरोबर गावातली डुकरे धरायला त्याला जावे लागते, तेही वर्गमित्रांच्या डोळ्यांदेखत. धरलेले डुक्कर घेऊन ती माणसे शाळेच्या भिंतीवरून जातात, आणि त्या भिंतीवर फुले, आंबेडकर, गाडगेबाबा यांची चित्रे आहेत. आपल्याही शाळांच्या भिंतींवर तीच चित्रे आहेत. याच्याआधी अत्र्यांचाच १९५४ चा 'महात्मा फुले' दाखवता आला तर उत्तम. भिंतीवरच्या चित्रातला माणूस कशासाठी झिजला हे मुलांना आधी कळेल, आणि ते काम अजून कुठे अडले आहे हे 'फँड्री' सांगेल. शेवट मी सांगत नाही. एवढेच म्हणतो, की जब्याचा शेवटचा दगड पाहणाऱ्याकडे येतो.

आता एकच सुटा चित्रपट, कारण त्याची जोडी त्याच्या पोटातच आहे. प्रभातचा १९४१ चा 'शेजारी'. खेड्यातले दोन जिवलग म्हातारे, जिवबा पाटील आणि मिर्झा. बाहेरचा एक धनिक धरणाच्या कामासाठी येतो आणि त्यांच्यात फूट पाडतो. मराठीत जिवबा झाले केशवराव दाते आणि मिर्झा झाले गजानन जागीरदार. हिंदी 'पडोसी'त हिंदू म्हाताऱ्याचे काम मझहर खान यांनी केले. मुसलमानाचे सोंग हिंदूने घ्यायचे आणि हिंदूचे मुसलमानाने, ही शांतारामबापूंची योजना. सहा वर्षांनी देशाची फाळणी झाली. हा चित्रपट तेव्हा जितका हवा होता तितकाच आजही हवा आहे.

श्रोतेहो, एक गोष्ट शेवटी सांगतो. जुने चित्रपट नायट्रेटच्या फितीवर असत, आणि ती फीत वाळल्या कडब्यासारखी पेट घेते. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले म्हणून पुष्कळ काही वाचले. तरी २००३ च्या आगीत कितीतरी फिती राख झाल्या. जे वाचले त्यातले बरेच आज मोबाइलवरही सापडते. पण सापडणे वेगळे आणि पाहणे वेगळे. एकेकाळी जत्रेत तंबू लागे, चादरी अंथरून अख्खे गाव एका पडद्याकडे तोंड करून बसे. आता घरात पाच माणसे असली तर पाच पडदे असतात, आणि जो तो आपल्या पडद्यात. अशाने सिनेमा दिसतो, पण त्यावर बोलणे होत नाही.

तेव्हा गुरुजी, सोनाळा असो, टुनकी असो की पातुर्डा, महिन्यातली एक संध्याकाळ ठरवा. एका महिन्यात जुना, पुढच्या महिन्यात त्याचा जोडीदार. सुरू करण्याआधी एकच प्रश्न फळ्यावर लिहा, आणि संपल्यावर पाऊण तास राखून ठेवा. म्हाताऱ्यांना पुढे बसवा. जुना चित्रपट लागला की त्यांना आपल्या काळाविषयी बोलू द्या. नवा लागला की पोरांना बोलू द्या. एका हंगामात ही शिदोरी संपेल. तोवर पुढची नावे तुमची मुलेच तुम्हाला सांगू लागतील, आणि माझ्यासारख्याला विचारण्याची गरज उरणार नाही.