सहा पेनी ते सत्त्याहत्तर पौंड : मॅचच्या तिकिटाची गोष्ट

परवा रात्री पेठेतली पोरं लिव्हरपूलची मॅच बघत बसली होती. मी जाता जाता थांबलो. मध्येच एकानं विचारलं, "काका, तिकडं एका तिकिटाला सहा-सात हजार रुपये पडतात म्हणं. तरी एक खुर्ची रिकामी दिसत नाही. मग महाग झालं म्हणून बोंबलायचं कशाला? परवडतंय म्हणून तर येत्यात."

प्रश्न बिनतोड वाटतो. मीही तिथं नीट उत्तर देऊ शकलो नाही. हाफ टाइमच्या पंधरा मिनिटांत बसेल एवढं ते छोटं नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

सुरुवात १८५० सालापासून करावी लागते. त्या वर्षीच्या कायद्यानं इंग्लंडच्या कापड गिरण्या शनिवारी दुपारी दोनला बंद व्हायला लागल्या. शनिवारी तीनची मॅच ही प्रथा त्या भोंग्यातून आली. भोंगा झाला की गिरणीतून थेट मैदानावर. फुटबॉल लीग १८८८ ला सुरू झाली आणि १८९० ला लीगनं ठरवलं की मोठ्या पुरुष माणसाला किमान सहा पेनी तिकीट. कुशल कामगाराला ते जमायचं, अगदी हातावर पोट असलेल्या मजुराला तेही जड जायचं. म्हणजे तिकिटाचा दर माणसं निवडतो ही गोष्ट आजची नाही, पहिल्या दिवसापासूनची आहे. गंमत म्हणजे काही क्लब बायकांना फुकट सोडायचे. प्रेस्टन नॉर्थ एंडच्या एका मॅचला १८८५ मध्ये दोन हजार बायका आल्या, तेव्हा क्लबनं घाबरून ती सवलतच बंद केली!

पहिल्या महायुद्धानंतर सहा पेनीचा एक शिलिंग झाला. तरीही कित्येक दशकं दर आवाक्यात राहिले. क्लबचे मालक फार दयाळू होते असं समजू नका. दोन गोष्टींनी त्यांचे हात बांधले होते. एक म्हणजे, क्लबच्या भागधारकांना किती लाभांश घेता येईल यावर फुटबॉल असोसिएशनची मर्यादा होती. सुरुवातीला ती फक्त ५ टक्के होती. क्लब काढून श्रीमंत व्हायची सोयच नव्हती. दुसरी गोष्ट जरा कडू आहे. खेळाडूंच्या पगारालाही कमाल मर्यादा होती आणि १९६१ पर्यंत ती आठवड्याला २० पौंडांवर अडलेली होती. गॅलरीतला कामगार आणि मैदानातला हिरो कधी कधी एकाच बसनं मैदानावर यायचे, असं आपण कौतुकानं वाचतो. पण त्या स्वस्ताईचा काही भाग खेळाडूंच्या खिशातून जात होता, हे विसरायचं नाही. जिमी हिलच्या नेतृत्वाखाली खेळाडू संपाच्या तयारीनं उभे राहिले तेव्हा ती मर्यादा उठली, आणि ते योग्यच झालं.

गर्दीचा कळस १९४८-४९ चा. त्या एका सीझनमध्ये लीगच्या मॅच ४ कोटी १२ लाखांवर लोकांनी बघितल्या. युद्ध संपलेलं, रेशन अजून चालू, टीव्ही बहुतेक घरांत नाही, आणि खिशात शिलिंगभर पैसे. लिव्हरपूलच्या मैदानावर गोलपोस्टमागं 'कॉप' नावाचा प्रचंड उतार होता. तिथं २८ हजार माणसं उभी राहायची. हे नाव दक्षिण आफ्रिकेतल्या स्पिऑन कॉप टेकडीचं. १९०० सालच्या बोअर युद्धात तिथं इंग्रजांची बरीच माणसं पडली. आपल्या कामाची गोष्ट अशी की त्या लढाईतले जखमी स्ट्रेचरवर वाहून नेणाऱ्यांत मोहनदास गांधी नावाचे एक वकील होते.

त्या काळाबद्दल वाचताना मला सगळ्यात जास्त आवडते ती पोरांची गोष्ट. कॉपच्या एका कोपऱ्यात पोरांसाठी वेगळं कुंपण घातलेलं असायचं, तिथं तिकीट कमी. आणि अगदी लहान पोरगं असेल तर बाप त्याला उचलून टर्नस्टाइलच्या, म्हणजे त्या फिरत्या फाटकाच्या, वरनं पलीकडं ठेवायचा. फाटकावरचा माणूस दुसरीकडं बघायचा. असं आत गेलेलं पोर पुढं पन्नास वर्षं मॅचला येत राहायचं. हिशेबाच्या वहीत त्याची नोंद कुठंच नाही.

आता इथं कुणाला वाटेल, की तिकीट स्वस्त ठेवा, मैदान आपोआप भरेल. तसं नाही. १९८५-८६ ला तिकीट काही आजच्यासारखं महाग नव्हतं, तरी चार कोटींचा आकडा १ कोटी ६५ लाखांवर आला होता. मैदानं मोडकळीला आलेली, मारामाऱ्या, सरकार प्रेक्षकांकडं गुन्हेगार म्हणून बघणारं. १९८५ च्या मे महिन्यात ब्रॅडफर्डच्या जुन्या लाकडी स्टँडला आग लागून ५६ माणसं गेली. त्याच महिन्यात ब्रसेल्सच्या हायझेलमध्ये ३९ गेली. आणि १५ एप्रिल १९८९ ला शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलची माणसं लोखंडी जाळीला चेंगरली. मृतांचा आकडा शेवटी ९७ झाला. दारू पिऊन आलेल्या प्रेक्षकांचाच दोष, असं पोलिसांनी पसरवलं. प्रेक्षकांचा काही दोष नव्हता हे ज्युरीच्या तोंडून ऐकायला घरच्यांना २०१६ उजाडलं. सत्तावीस वर्षं!

खरं वळण इथं आहे. न्यायमूर्ती टेलर यांचा अंतिम अहवाल जानेवारी १९९० मध्ये आला. उभं राहून बघायचे उतार काढा आणि सगळीकडं खुर्च्या बसवा, ही त्याची मुख्य शिफारस. आपल्याला एवढंच माहीत असतं. पण त्याच अहवालात टेलरनी असंही म्हटलं होतं, की खुर्च्या बसवल्या म्हणून गरीब प्रेक्षक बाहेर पडायचं कारण नाही, दर तसे बसवता येतील. उदाहरणही दिलं होतं : ग्लासगोच्या आयब्रॉक्सवर उभं राहायला ४ पौंड, बसायला ६ पौंड.

क्लबांनी अहवालातल्या खुर्च्या घेतल्या आणि सहा पौंडांचं पान उलटून टाकलं.

त्याआधीच १९८३ मध्ये टॉटनहॅमनं एक युक्ती केली होती. क्लबच्या वर एक कंपनी काढली आणि ती शेअर बाजारात नेली. लाभांशाची जुनी मर्यादा क्लबला होती, वरच्या कंपनीला नव्हती. मग १९९२ ला प्रीमियर लीग आली, टीव्हीचे पाच वर्षांचे ३०४ दशलक्ष पौंड आले. कॉपवर माणसं शेवटची उभी राहिली ती ३० एप्रिल १९९४ ला. मॅच नॉर्विचविरुद्ध, आणि लिव्हरपूल ०-१ नं हरलं. नवीन कॉपमध्ये खुर्च्या सुमारे १२ हजार.

आता आकडे बघा. १९८९-९० मध्ये लिव्हरपूलचं सगळ्यात स्वस्त सीझन तिकीट ६० पौंडांना होतं. नुसती महागाई धरली तर २०११ मध्ये ते १०६ पौंडांच्या आसपास असायला हवं होतं. प्रत्यक्षात होतं ७२५ पौंड. चांगल्या खुर्च्या आल्या, संडास स्वच्छ झाले, बायका-मुलांना सुरक्षित वाटायला लागलं, हे सगळं मान्य. माझ्या मते ते फार मोठं काम झालं. पण त्याची किंमत सातपट नव्हती.

मग आली २०१६ ची फेब्रुवारी. लिव्हरपूलनं नवीन स्टँडमधलं सगळ्यात महाग तिकीट पुढच्या सीझनला ७७ पौंड करायचं जाहीर केलं. सीझन तिकीट पहिल्यांदाच हजार पौंडांच्या वर जाणार होतं. ६ फेब्रुवारीला संडरलंडविरुद्ध मॅच होती. लिव्हरपूल २-० नं पुढं. कोच क्लॉप अपेंडिक्स दुखतंय म्हणून मॅचला नव्हते. बरोबर ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार माणसं उठली आणि बाहेर चालायला लागली. स्वतःच्या पैशानं काढलेलं तिकीट, स्वतःची टीम जिंकतेय, आणि तेरा मिनिटं शिल्लक. नंतर संडरलंडनं दोन गोल मारले. मॅच २-२. चार दिवसांत मालकांनी माफी मागितली, ७७ पौंडांचा बेत रद्द केला.

तीनच दिवसांनी जर्मनीत, स्टुटगार्टच्या मैदानावर, डॉर्टमुंडचे प्रेक्षक वीस मिनिटं बाहेर थांबले आणि आत आल्यावर मैदानात टेनिसचे चेंडू फेकले. कारण तेच, तिकिटाचा दर. पुढच्या महिन्यात प्रीमियर लीगच्या क्लबांनी पाहुण्या प्रेक्षकांचं तिकीट ३० पौंडांवर बांधून टाकलं. त्याच वर्षी सुरू होणारा टीव्हीचा नवा करार तीन वर्षांचा, ५ अब्ज पौंडांहून जास्त होता. एवढ्या पैशापुढं तिकिटातले पाच-दहा पौंड क्लबला किरकोळ. पण दर शनिवारी पोराला घेऊन येणाऱ्या बापाला ते किरकोळ नसतात.

तर पोरा, खुर्च्या भरलेल्या असतात हे खरं. टीव्हीवर दिसत नाही ते हे, की त्या खुर्चीवर आधी कोण बसायचं आणि आता कोण बसतं. रिकामी झालेली जागा परवडणारा दुसरा कुणीतरी लगेच भरतो, कित्येकदा परदेशातनं आलेला, वर्षातनं एकदाच. आपल्यातलाही एखादा पैसे साठवून जाऊन येतो, फोटो टाकतो. त्याला नावं ठेवायची नाहीत. पण त्याच गल्लीतल्या सोळा वर्षांच्या पोराला तिकीट जमत नसेल, तर ते पोरगंही तुमच्यासारखंच मोबाईलवर मॅच बघणार.

आपल्याकडं उलटा प्रकार बघितलाय. १ जून २०१८, मुंबईत अंधेरीचं मैदान. भारतानं चायनीज तैपेईला ५-० नं हरवलं, सुनील छेत्रीची हॅटट्रिक, आणि प्रेक्षक किती? २,५६९. तिथं कुणी तिकिटाच्या दरानं अडवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी छेत्रीनं व्हिडिओ टाकला : शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर येऊन करा. ४ जूनला केनियाविरुद्ध त्याची शंभरावी मॅच, धो धो पाऊस, आणि सगळी तिकिटं संपलेली. भारत ३-० नं जिंकला, दोन गोल त्याचेच. माणसं मुंबईत होतीच की. कुणीतरी 'या' म्हणायचं राहिलं होतं.

आणि डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी आला. कोलकात्यात लोकांनी हजारो रुपयांची तिकिटं काढली. तो वीसेक मिनिटं मैदानात होता, पुढारी आणि बड्या लोकांच्या गराड्यात. गॅलरीतल्याला दिसलाच नाही. मग बाटल्या उडाल्या, खुर्च्या मोडल्या. मोडतोडीचं समर्थन करत नाही. पण त्याच महिन्यात आपली आयएसएल सुरूसुद्धा झालेली नव्हती, आणि त्यासाठी एकही खुर्ची मोडली नाही.

कोल्हापुरात आपण अजून वेगळे आहोत. शाहू स्टेडियमवर तालमींची मॅच असली की हजारो लोक तिकीट काढून येतात, कारण मैदानात पळणारं पोरगं आपल्या पेठेतलं असतं. अनिकेत जाधव २०१७ ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये खेळला तो याच गावचा. सोयी वाढाव्यात, बायकांना निवांत बसता यावं, हे मलाही हवंय. त्यासाठी तिकीट वाढवायची वेळ आली तर एक कोपरा पोरांसाठी राखून ठेवा, एवढीच मागणी आहे.

मी स्वतः पहिली मॅच बिनतिकिटाचीच बघितली. पाच-सहा वर्षांचा असेन. मामानं काखेत धरून उचललं आणि फाटकावरच्या माणसाला म्हणाला, "ह्याला काय कळतंय हो, गप बसंल." मी गप बसलो नाही.