कोशिंबिरीचा निनावी रस

सॅलडवर घालायच्या आंबट, तेलकट, पालेदार मिश्रणाला इंग्रजीत ‘ड्रेसिंग’ असे स्वतंत्र नाव आहे. मराठीत तसे नाम नाही. त्यामुळे असा पदार्थच आपल्याकडे नव्हता, असे समजण्याची घाई केली जाते. मी अंबरनाथला राहते. जुनी पाकपुस्तके चाळणे आणि शेजारपाजारच्या स्वयंपाकघरांत प्रश्न विचारत बसणे, हा माझा गेल्या काही वर्षांचा उद्योग. त्यातून माझे मत असे झाले आहे की, या मिश्रणाचा इतिहास मराठीत नामांत शोधू नये. तो क्रियापदांत आहे.

काकडी चोचवायची, लिंबू पिळायचे, मोहरी फेसायची, मिरची मिठाशी चुरडायची, सगळे हाताने कालवायचे, वरून फोडणी द्यायची. सहा क्रिया, आणि प्रत्येकीला अचूक शब्द. चोचवणे म्हणजे चिरणे नव्हे आणि किसणेही नव्हे. काकडी हातात धरून सुरीने उभे-आडवे घाव घालत तिचे बारीक तुकडे पाडणे म्हणजे चोचवणे. जी भाषा इतका भेद करते, तिच्या बोलणाऱ्यांना या विषयातले काही कळत नव्हते, असे कसे म्हणावे?

यातले ‘फेसणे’ सर्वांत महत्त्वाचे. मोहरीची पूड नुसती तिखट लागत नाही. तिला थंड पाणी लागले की तिच्यातील एक विकर (एन्झाइम) जागे होते आणि नाकात जाणारा झणका तयार होतो. लिंबू आधीच पिळले तर आम्लामुळे ही क्रिया मंदावते, आणि पाणी कढत असेल तर ती होतच नाही. म्हणून आधी पाणी, दहा मिनिटांनी लिंबू. हा क्रम मला ज्यांनी सांगितला त्यांपैकी कुणीही रसायनशास्त्र शिकलेले नव्हते. युरोपी ड्रेसिंगमध्येही वाटलेली मोहरी असते. तेल आणि आंबट रस एकमेकांत धरून ठेवायला तिची मदत होते. आपल्याकडे तेल थोडे, तेही गरम आणि सर्वांत शेवटी. मोहरी दोन्हीकडे आहे, तिच्याकडून घ्यायचे काम वेगळे. रायत्याच्या नावात तर राई अजून बसलेली आहेच.

पाल्याचा इतिहास याहून जुना. पाणिनीच्या अष्टाध्यायीत ‘कुस्तुम्बुरु’ हा शब्द धण्याच्या वनस्पतीचे नाव म्हणून येतो; आपली कोथिंबीर त्याच कुळातली. आंबटाच्या बाजूला चरकसंहितेत मातुलुंग, म्हणजे आपले महाळुंग आहे. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे तेच फळ. पातळ सालीचे, रसाळ कागदी लिंबू आज इतके सवयीचे झाले आहे की महाळुंग पूजेपुरते उरले. मिरची मात्र उशिरा आलेली पाहुणी. ती पोर्तुगीजांच्या काळात आली आणि नाव मिरीचे घेऊन बसली. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके 982चा, म्हणजे इ.स. 1060चा शिलालेख आहे. ते मंदिर बांधणाऱ्या हातांच्या जेवणात तिखटपणा असेल तर तो मिरी, आले किंवा मोहरीचा. हिरवी मिरची तेव्हा या खंडातच नव्हती.

या परिसराच्या चवीत पुढची भर फाळणीने घातली. कल्याणजवळच्या युद्धकालीन लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना वसवण्यात आले आणि 1949 साली त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. घरदार मागे राहिले, हाताची सवय बरोबर आली. तिथल्या दाल-पकवानावर बारीक चिरलेला कांदा, हिरवी चटणी आणि चिंचेचे आंबट पडते. साई भाजीत पालकाबरोबर चुका आणि शेपू जातात. चुक्याला सिंधीतही ‘चुको’च म्हणतात. इथे आंबट आणि पाला या दोन वस्तू नाहीतच, एकाच पानात दोन्ही आहेत. बदलापूरच्या बाजारात पावसाळ्यात आसपासच्या पाड्यांवरच्या बाया काकड्या आणि रानातला पाला घेऊन बसतात. लोकलच्या चार-पाच स्टेशनांच्या अंतरात असे तीन स्वयंपाक शेजारी नांदतात.

लिहून ठेवण्याजोगे प्रमाण असे: एक चमचा मोहरीची पूड, दोन चमचे थंड पाणी, चांगले फेसून दहा मिनिटे झाकण. मग एका लिंबाचा रस, चिमूटभर साखर, चुरडलेली मिरची, मूठभर कोथिंबीर, चार पाने पुदिना. दोन चमचे तेलाची हिंग-जिऱ्याची फोडणी जरा निवू द्यावी आणि मग ओतावी. मीठ पानावर वाढताना. आधी घातले तर काकडीला पाणी सुटते आणि मोहरीचा झणका त्यात बुडतो.

रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या 1875च्या ‘सूपशास्त्रा’पासून कमलाबाई ओगले यांच्या 1970च्या ‘रुचिरा’पर्यंत मराठी पाकपुस्तकांची परंपरा मोठी आहे. पण पाककृती लिहिली जाते ती पदार्थाच्या नावाखाली. ज्याला नाव नाही ते अनुक्रमणिकेत येत नाही. आणि अनुक्रमणिकेत नाही ते पुढच्या पिढीला दुकानातल्या बाटलीतून विकत घ्यावे लागते. बाटलीबद्दल माझी तक्रार नाही. पण चोचवणे आणि फेसणे ही क्रियापदे आज तरुण मुलामुलींना समजावून सांगावी लागतात. ती बोलण्यातून गेली की क्रमही जाईल, आणि आधी पाणी की आधी लिंबू, हे सांगणारे कुणी उरणार नाही. घरात ज्यांना ही क्रियापदे येतात, त्यांच्याकडून ती प्रमाणासह उतरवून घ्यावीत. या इतिहासाचे दुसरे दप्तर कुठेच नाही.